तांबड्याच्या शेजारी उभा असलेला माणूस

माझ्या वडिलांचा ओळखू येईल असा एकही फोटो आमच्या घरात नाही. मतदानाच्या कार्डावर एक आहे म्हणायला, पण त्यात डोळे आणि मिशा मिळून एकच काळा डाग दिसतो. मी तीसेक वर्षं माणसांचे आणि जनावरांचे चेहरे रंगवून पोट भरतो आहे. अनोळखी लोकांचे आजोबा, त्यांचे घोडे, त्यांची कुत्री, सगळं माझ्या हातून झालं. दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चित्र मात्र एकदाच निघालं. ते मीच काढलं होतं आणि मीच पुसलं. मुलाखतींमध्ये मी माझ्या सुरुवातीची गोष्ट सांगतो तेव्हा हा भाग गाळतो, किंवा खोटा सांगतो. आता वय अशा ठिकाणी आलं आहे की खोटं सांगितलेलं आपल्यालाच खरं वाटू लागेल अशी भीती वाटते. म्हणून हे लिहून ठेवतो.

आमचं गाव वडीगोद्रीपासून आत, कच्च्या रस्त्यानं तासभर चालत. दादा आबासाहेबांकडे सालगडी होते. आबासाहेब म्हणजे गावातले मोठे जमीनदार, आम्ही सगळे त्यांना मालक म्हणायचो. आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बुद्धविहारामागे. पहाटे मला जाग यायची ती मायच्या भाकरी थापण्यानं. परातीतला तो आवाज, मग तव्यावर भाकर टाकल्यावरचा चर्र, आणि तोवर दादा घरात नसायचेच. ते गोठ्यावर गेलेले असायचे. आमच्याकडे जेवण साधंच, ज्वारीची भाकर, येसराची आमटी, कधी अंबाडी, आणि ठेचा तर रोजचाच. पण दादांना जेवताना कुठलीही चव लागत नसे असं मला वाटे, कारण त्यांचं बोलणं अखंड बैलाचं. आज तांबड्यानं सरकी कमी खाल्ली, आज तांबड्याच्या खुरात खडा गेल्ता. माय म्हणायची, "एवढी चौकशी माझी केली असती तर मीबी दोन शेर दूध देल्लं असतं." दादा गंभीरपणे म्हणायचे, "बैल दूध देत न्हाई." माय कपाळाला हात लावायची.

तांबड्या हा मालकांचा लाल कंधारी बैल. रंग गडद लाल, मानेकडे आणि पायांकडे काळपट होत गेलेला, वशिंड उंच, डोळ्यांभोवती काळी कड. वासरू असल्यापासून दादांनी त्याला वाढवलेलं. दादांखेरीज तो कोणाजवळ स्थिर राहायचा नाही. दुसऱ्या कोणी कासरा धरला की मान झटकायचा, पाय आपटायचा. दादा नुसते येऊन शेजारी उभे राहिले, गळ्याखालच्या लोंबत्या कातड्यावरून दोन बोटं फिरवली, की शांत. मग तो मान किंचित वळवून दादांच्या तोंडाकडे पाहत राहायचा. जनावर माणसाकडे असं पाहतं हे मी त्याच्यामुळे शिकलो. आज माझ्याकडे कुत्र्यामांजरांची चित्रं करून घेणारे लोक म्हणतात, सर, तुमच्या चित्रातलं जनावर कोणाकडे तरी बघत असतं. मी हसून मान हलवतो. कोणाकडे, ते सांगत नाही.

पोळ्याला मात्र एक रीत होती. आदल्या दिवशी खांदे मळण्यापासून शिंगांना रंग लावण्यापर्यंत सगळं दादा करायचे. मी हिंगुळानं तांबड्याच्या पाठीवर वेलबुट्टी काढायचो, माझा हात तिथेच बसला. माझ्या एका चुलत्यानं एकदा दादांना टोकलं होतं, आता आपले सण वेगळे, तू कशाला पोळ्यात नाचतो. माय मध्येच म्हणाली, "त्याचा सण न्हाई त्यो, बैलाचा हाय. बैलानं कुठं धर्म बदलला?" तर पोळ्याच्या दिवशी गावातून मिरवत दादा तांबड्याला वेशीपर्यंत आणायचे. तिथे तोरण बांधलेलं असायचं आणि मानाचा बैल पहिला तोरणाखालून जायचा. तोरणाच्या अलीकडे दहा पावलांवर दादा थांबायचे, कासरा मालकांच्या हातात द्यायचे आणि बाजूला व्हायचे. हलगी जोरात सुरू व्हायची, मालक बैल घेऊन तोरणाखालून जायचे, लोक ओरडायचे. पलीकडे गेल्यावर दादा धावत जाऊन कासरा परत घ्यायचे, कारण तोवर तांबड्या बिथरलेला असायचा. हे वर्षानुवर्षं चाललेलं. कोणी कोणाला सांगायचं नाही, सगळ्यांना ठाऊक. मी बारावीत असताना एकदा दादांना चिडून विचारलं होतं, "तुम्हीच का न्हाई जात तोरणाखालून?" दादा म्हणाले, "बैल त्यांचा हाय." आणि मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही. मला त्यांची लाज वाटली होती, हेही इथेच लिहितो.

त्या काळात मी वडीगोद्रीला हायवेवर रज्जाकभाईंच्या दुकानात शिकायला जायचो. रज्जाकभाई म्हणजे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकमागचे मोर आणि वाघ, आणि मेलेल्या माणसांच्या फोटोंवरून मोठी चित्रं, अशी सगळी कामं ते करायचे. त्यांची कामाची एक पद्धत होती. माणूस आणि जनावर एका चित्रात असलं की आधी जनावर. "आदमी को रुको बोल सकते, जानवर को नई बोल सकते." मग माणसाचं धड, कपडे, हातपाय. चेहऱ्याच्या जागी कोरं अंडं ठेवायचं. चेहरा सगळ्यात शेवटी, गिऱ्हाईक समोर बसवून किंवा त्याच्या फोटोवर चौकटी आखून. "मुंडी आखरी," हा त्यांचा नियम. धड कोणाचंही चालतं, चेहरा ज्याचं चित्र त्याचा.

मालकांनी नवं घर बांधलं आणि बैठकीत लावायला त्यांना स्वतःचं आणि तांबड्याचं मोठं चित्र हवं होतं. अंबडहून फोटोवाला आला होता, पण फ्लॅश उडाल्याबरोबर तांबड्यानं दावं तोडलं आणि फोटोवाला उकिरड्यात जाऊन पडला. म्हणून काम रज्जाकभाईंकडे आलं. त्यांनी मालकांना सांगितलं, जनावरं काढायला या पोराचा हात माझ्याहून बरा आहे. मालकांचे साडू औरंगाबादच्या चित्रकला कॉलेजात शिकवत होते. मालक मला म्हणाले, "अश्या, चित्र झकास काढ. मंग तुझ्यासाठी औरंगाबादला शब्द टाकतो. प्रवेश बी अन् वसतिगृह बी." त्या शब्दावर माझं सगळं आयुष्य अडकलं होतं. दुसरी ओळख आमच्याकडे नव्हती.

गोठ्याजवळच्या लिंबाखाली मी चौकटीवर ताणलेलं मांजरपाट उभं केलं. पाऊस उघडलेला, उन्हाचा तडाखा, गोठ्यात शेणामुताचा आणि ओल्या कडब्याचा वास. कुठेतरी कडबा कापायचं यंत्र खटाखट चालू असायचं. दुपारी काम आटोपलं की दादा तांबड्याचा कासरा धरून उभे राहायचे. अकरा दुपारी उभे राहिले. डाव्या हातात कासरा, उजवा हात बैलाच्या मानेवर, पाय थोडे फाकवलेले. घाम गळायचा, पण हलायचे नाहीत. मी म्हणायचो, बसा जरा. ते म्हणायचे, "मी बसलो की ह्यो बी बसंल." बैल तर चौथ्या दिवशीच पूर्ण झाला. मग दादांचं धड, धोतर, पाय, हात. हात काढायला वेळ लागला, कारण कासरे ओढून ओढून त्यांचा अंगठा वाकडा झालेला होता आणि मला तो तसाच काढायचा होता. उजव्या पायाचं एक बोट अर्धं होतं, कुऱ्हाडीनं गेलेलं. तेही काढलं.

आणि मग मी ती चूक केली. चेहऱ्याच्या जागी कोरं अंडं ठेवायला हवं होतं. पण तांबड्या चित्रात मान वळवून वर पाहत होता, आणि तो ज्याच्याकडे पाहत होता ती जागा रिकामी ठेवणं मला जमेना. बैलाचे डोळे खोटे वाटायला लागले. म्हणून मी दादांचा चेहरा काढला. दोन दुपारी. आज मला ठाऊक आहे की त्याच्याइतका चांगला चेहरा मी पुन्हा काढलेला नाही. हे कौतुक म्हणून सांगत नाही.

दादा चित्रासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी स्वतःला न्हाव्याच्या आरशाखेरीज कुठे पाहिलेलं नव्हतं. बराच वेळ पाहून म्हणाले, "मी असा दिसतो व्हय?" मायला बोलावून आणलं. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "ह्ये एवढं ताठ उभं राह्यलेलं मी तर जल्मात बघितलं न्हाई." मग हसणं थांबवून जवळ गेली, चित्राला हात लावायला निघाली, आणि मी ओरडलो, "माय, ओलं हाय!" तिनं हात मागे घेतला. "बराबर त्यांचंच नाक हाय," एवढंच म्हणाली. रज्जाकभाई पाहायला आले ते मात्र डोक्याला हात लावून खाली बसले. "किसने बोला था मुंडी बनाने कू? अब मालक आएंगे तो क्या दिखाएगा?" नंतर बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "मगर बना क्या है, बेटा."

मालक आले. दादा तांबड्याला पाणी पाजत होते. मालकांनी मागे हात बांधून चित्र पाहिलं. "बैल एक नंबर. अन् ह्यो कोण?" दादांना पंचवीस वर्षं ओळखणारा माणूस हे विचारत होता. मग ते मोठ्यानं हसले. "आरं, नाम्या हाय होय? म्हणलं कोण तालेवार उभा राह्यला माझ्या बैलापाशी." खिशातून पाकीट काढून त्यांनी स्वतःचा एक फोटो माझ्या हातात दिला, लग्नातला, फेट्यातला. "इथं मी पायजे. साडूला परवा बोलावलंय चित्र बघायला. जल्दी कर."

पुढचा भाग मी अनेकदा खोटा सांगितला आहे. मी सांगत आलो की दादा पुढे झाले आणि म्हणाले, पोरा, मालकांचा बैल, मालकांचं चित्र, बदलून टाक. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. खरं म्हणजे दादा काहीच बोलले नाहीत. बादली हातात घेऊन उभे होते, माझ्याकडे पाहत होते. वाट पाहत होते, असं मला आता वाटतं. मी म्हणू शकलो असतो की मालक, तुमचं वेगळं काढून देतो, दुसरं कापड ताणतो, चार दिवस द्या. मालक कदाचित ऐकलेही असते, माणूस हट्टी होता, राक्षस नव्हता. पण साडू परवा येणार होते. मी विचारलंच नाही. मी म्हणालो, "उद्या संध्याकाळपर्यंत करतो, मालक." त्यानंतर मी दादांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या फोटोवर चौकटी आखल्या आणि दादांच्या चेहऱ्यावर रंग चढवायला सुरुवात केली. खालचा रंग वरून सुकला होता, त्यामुळे नवा थर छान बसत होता. आधी कपाळावर फेटा, मग गाल, मग मिशा. डोळे शेवटी. अजून एक कबूल करायचं आहे, काम करताना मला वाईट वाटत नव्हतं. मालकांचं साम्य जुळत होतं आणि मला आनंद होत होता. कारागिराला हात चालताना होतो तोच आनंद. दादांचा डावा डोळा झाकताना ब्रश अडला नाही.

चित्र बैठकीत लागलं. साडू आले, खूश झाले, माझं काम झालं. पण गावातले लोक चित्र बघायला यायचे आणि तोंड दाबून हसायचे. एक म्हातारा सरळ म्हणालाच, "मालक, तोंड तुमचं, पण पाय तर नामाचे! बोट बघा की!" दुसऱ्याच दिवशी मला बोलावणं आलं. चित्र पुन्हा गोठ्याजवळ लिंबाखाली. मी त्या पायांत करकरणारे जोडे घातले. आठवड्यानं पुन्हा बोलावणं. आता कोणीतरी अंगठा ओळखला होता. मी अंगठा सरळ करायला बसलो तेव्हा दादा मागे तांबड्याला धूत होते. पाणी ओतण्याचा आवाज थांबला. ते ओल्या हातांनी माझ्यामागे येऊन उभे राहिले. "अंगठाबी?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हं." ते परत गेले आणि पाणी ओतायला लागले. माझ्या प्रवेशाबद्दल, चित्राबद्दल, त्यानंतर मरेपर्यंत दादा मला एवढंच बोलले. रागावले नव्हते. औरंगाबादच्या गाडीत बसवायला हायवेपर्यंत आले, माझी ट्रंक डोक्यावर घेऊन. गाडी सुटताना म्हणाले, "जेवत जा टायमावर." बस्स.

पुढची वर्षं या प्रकरणात येत नाहीत. नाव झालं, घर झालं. दरवेळी गावी गेलो की ठरवायचो, दादांना समोर बसवून चित्र काढायचं. दरवेळी काहीतरी कारण निघायचं. खरं कारण हे की त्यांना समोर बसवून त्यांच्या चेहऱ्याकडे तासभर पाहायचं धैर्य मला नव्हतं. फोटोही काढला नाही. माझ्या मोबाइलमध्ये लोकांच्या घोड्यांचे हजार फोटो होते.

दादा गेले ते अचानक, शेताच्या बांधावर. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धांच्या मूर्तीशेजारी गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात. तो नव्हता. नातेवाईक म्हणाले, काळजी कशाला, पोरगंच एवढं मोठं चित्रकार. मी कागद घेऊन बसलो. पहिल्या कागदावर जबडा जमेना. दुसऱ्यावर जमला आणि मी घाबरलो. तिसरा मायला दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिलं आणि कागद माझ्याकडे परत दिला. "ह्ये मालक हायत रं, पोरा." खरंच तसं होतं. त्या खांद्यांवर माझ्या डोळ्यांना इतकी वर्षं मालकच दिसत आले होते. आणखी दोन कागद फाडले. मग मायच म्हणाली, "तू म्हणला होतास, वरून रंग देल्लाय म्हणून. मंग खाली हायच की त्यो. मालक आता न्हाईत. त्यांचं पोरगं तुला मानतं. जाऊन माग. वरचं काढ अन् बघून ये एकदा. बघितलं की येईल तुझ्या हाताला."

मायचं म्हणणं बरोबर होतं. वरचा थर सावकाश उतरवता येतो, मी जुन्या चित्रांवर ते केलेलं आहे. कापूस, रंग उतरवायच्या द्रावणाची बाटली, बारीक सुरी आणि मालकांचा चेहरा नंतर परत चढवून द्यायला चार ट्यूबा पिशवीत घालून मी मालकांच्या घरी गेलो. त्यांचा मुलगा विजूभाऊ दारापर्यंत सामोरा आला. खुर्ची दिली. आम्हाला त्या घरी चहा मिळायचा तो गोठ्याच्या कोनाड्यातल्या वेगळ्या कपात, आणि तो कप आमचा आम्हीच विसळून पालथा घालायचा. आता चांगल्या कपात, ट्रेमधून, सोबत बिस्किटं. विजूभाऊंनी बायकोला, मुलीला बाहेर बोलावलं. "हे सर. आबांचं चित्र यांनीच काढलं, अठरा वर्षांचे असताना!" मुलगी मोबाइलवर माझे फोटो काढायला लागली. विजूभाऊ म्हणाले, "दादा गेल्याचं कळलं. लई इमानी माणूस." मग चित्राकडे वळून म्हणाले, "आबा यात जिवंत वाटतात, सर. रोज सकाळी इथंच पाया पडतो."

मी चित्राजवळ गेलो. मालकांच्या डोळ्याच्या बाजूला, फेट्याच्या खाली, रंगाची खपली निघाली होती. नखाएवढी जागा. आणि त्या जागेत खालचा रंग दिसत होता. सावळा, उन्हानं रापलेला, मीच मिसळलेला. दादांचं कानशील होतं ते. मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे. मागून विजूभाऊ म्हणाले, "हां, तेवढं खराब झालंय बघा. पिशवीत रंग दिसतात. आलाच आहात तर टच मारून देता का? अन् यावर तुमची सही बी न्हाई. आता तुमचं एवढं नाव झालंय."

बोलायचं होतं ते वाक्य मी घरून पाठ करून आलो होतो. मुलगी मोबाइल धरून उभी होती. चहा अजून गरम होता. मी ट्यूबा बाहेर काढल्या, मालकांच्या कातडीचा गोरा रंग मिसळला आणि ती नखाएवढी जागा भरून टाकली. मग खाली उजव्या कोपऱ्यात सही केली. टाळ्या वाजल्या.

घरी आलो तेव्हा माय दारातच बसली होती. "भेटले का रं?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "न्हाई माय. खाली काही राह्यलं न्हाई."

ती उठून आत गेली. पुन्हा कधी विचारलं नाही. चित्रातलं मला कळतं, अशी तिची समजूत आहे.